डा १२, उ २, डा ४

आईला जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात मी तिच्याबद्दल लिहिलेली चार पानं वाचली, आणि ती चार पानं लिहायला मला जवळजवळ अकरा महिने लागले. वाडीतल्या दोघीतिघींनी नंतर विचारलं की आम्हालाही आमच्या सासूबद्दल असं लिहून ठेवायचंय, तू कसं केलंस, म्हणून जसं झालं तसं सांगते. सरळ रेषेत नाही झालं काही.

आमचं गाव दापोली तालुक्यात, हर्णै आणि केळशीच्या मधल्या किनारपट्टीत. जांभ्या चिऱ्याचं घर, मागे पोफळी-नारळाचं आगर, आगराच्या पलीकडे वाळू. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, २००८ ला रिटायर झाले. आईला सगळं गाव वहिनी म्हणायचं. म्हणजे बाबांच्या वयाचे पण वहिनी आणि त्यांची नातवंडं पण वहिनीच. मी लहान असताना मला वाटायचं ते तिचं नावच आहे.

२०१४ साली बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं म्हणतात, आमचं गाडी मिळून, घाट उतरून मोठ्या ठिकाणी पोचेपर्यंत ते तास निघून गेले होते. झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आला त्यामुळे उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. पस्तीसेक वर्षं वर्गात बोललेला माणूस, त्याला चहा हवा असला तरी 'चहा' हा शब्द सापडेना, ओठ हलायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं. आणि मग त्याच वर्षी गणपतीत आरती सुरू झाली आणि बाबा खाटेवरून अख्खी आरती म्हणाले. एक शब्द न चुकता! आम्ही सगळे टाळ्या वाजवायच्या थांबलो. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की असं होतं, जे लहानपणापासून पाठ असतं, आरत्या, पाढे, वारांची नावं, ते मेंदूत वेगळ्या वाटेने येतं, बोलणं गेलं तरी ते राहू शकतं. आईला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती, तिने दुसऱ्या दिवसापासूनच सुरू केलं होतं. रोज दिवेलागणीला शुभं करोति झालं की बाबांच्या खाटेशी बसायचं आणि पाढे. बे ते तीस. बाबा नव्वेपर्यंत म्हणायचे आणि थांबायचे, दाहे आई म्हणायची. असं का ते मला माहीत नाही, त्यांचं त्यांचं ठरलेलं होतं. बाबा थांबून तिच्याकडे बघायचे, ती हातातलं काम न थांबवता दाहे म्हणायची, की पुढचा पाढा. दहा वर्षं चाललं हे.

हे आधी सांगितलं कारण ती गेली त्या पहाटे पाढ्यांनीच कळलं. फेब्रुवारी २०२४, माघातली थंडी. ती पाचच्या सुमाराला चहा ठेवायला उठली आणि स्वयंपाकघरातच पडली. बाबा माजघरात खाटेवर. त्यांना पडल्याचा आवाज आला असणार, उठता येत नाही, हाक मारता येत नाही. त्यांनी पाढे म्हणायला सुरुवात केली. मोठ्याने, वर्गात म्हणायचे तसे. शेजारच्या काकू आगरात शिंपायला उठल्या होत्या, त्यांना वाटलं गुरुजी आज अवेळी पाढे का म्हणताहेत, आणि वहिनींचा आवाज का नाही त्यात, म्हणून त्या मागच्या दाराने आल्या.

मी डोंबिवलीहून पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. दादा पुण्याहून आधी आला होता.

सवाष्ण गेली. हिरवा चुडा, मळवट, ओटी, सगळं केलं. बायका म्हणत होत्या भाग्याची गो, कुंकवाने गेली. मला त्या वेळी तो शब्द सहन होत नव्हता, कारण आतल्या खोलीत कुंकवाचा धनी भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि त्याला कूस बदलून द्यायला आता कोण. पण त्या बायकांना तिच्याबद्दल जे वाटत होतं ते सांगायला त्यांच्याकडे तोच शब्द होता, हे मला खूप उशिरा कळलं.

एक गोष्ट त्या दिवशी अडली. आमच्याकडे कुणी बाई गेली की शेवटची आंघोळ घालायला, नेसवायला आईला बोलवायचे. किती वर्षं. आता तीच गेली तर पुढे कोण होणार, सगळ्या पडवीत उभ्या, एकमेकींकडे बघताहेत. शेवटी मी, शेजारच्या काकू आणि बचत गटातल्या दोघींनी केलं. मला काहीच येत नव्हतं. त्यातली एक मला हळूच म्हणाली, पाणी कोमट घे, वहिनी नेहमी कोमट घेत, गार पाणी घालू देत नसत कुणाला.

पंचायतीतलं पटकन सांगते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, दादा आणि मी गेलो. आधारवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं, आणि माहेरचं नाव तर लग्नात तांदळावर लिहून बदललं ते कुठल्याच कागदावर नाही. फॉर्मात व्यवसाय असा रकाना आहे. समोरच्यांनी विचारलं आणि आम्ही दोघंही म्हणालो, घरकाम. त्यांनी लिहिलं. बाहेर येऊन मी दादाला म्हटलं आपण हे काय सांगितलं, तो म्हणाला मग काय सांगायला हवं होतं, तू सांग. मला सांगता आलं नाही.

तेराव्यानंतर महिला मंडळाने शोकसभा ठेवली आणि मला म्हणाले तू दोन शब्द बोल. मी आदल्या रात्री लिहून काढलं. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, पतिपरायण, दारी आलेल्याला विन्मुख न पाठवणारी. वाचलं, सगळ्या रडल्या, मीही रडले. घरी येऊन कागद परत वाचला तर असं वाटलं की वरचं नाव बदललं तर हा कागद गावातल्या कुठल्याही बाईला चालेल. त्यात एक शब्दही खोटा नव्हता पण आईसुद्धा नव्हती. तिची कोमट पाण्याची गोष्ट नव्हती त्यात. मी दादाला म्हटलं वर्षश्राद्धाला मी परत वाचणार, नीट लिहून.

आणि मग बसले तर काही सुचेना. खरंच सांगते, चाळीस वर्षं आई बघितली आणि वहीत दीड पान झालं नाही. मला तिच्या हातचे घावन आठवत होते, तिचा शेवाळी रंगाचा पदर आठवत होता, बाबांना भरवताना तिचंही तोंड उघडायचं ते आठवत होतं, पण तिने आयुष्यभर केलं काय हे सलग सांगता येत नव्हतं. मी सतराव्या वर्षी शिकायला बाहेर पडले, त्यानंतर गणपती, शिमगा आणि मे महिना, बस एवढीच आई मला माहीत.

ट्रंक सापडली ती मे महिन्यात. पावसाच्या आधी माळा साफ करायचा म्हणून मी वर चढले, नारळाची सोडणं आणि जुने झाप खाली टाकले, मागे पत्र्याची ट्रंक. आत कालनिर्णय. वर्षाचं एक असे गुंडाळून, सुतळीने बांधून, डांबरगोळ्या घालून. सगळ्यात जुनं १९८६ चं, मधली काही वर्षं नाहीत, एकूण एकतीस निघाली, भिंतीवरचं चालू धरून. काहींना कसर लागलेली, २०२० चं भिजून चिकटलेलं. आमच्याकडे कालनिर्णयच्या खिळ्याला दोऱ्याने पेन बांधलेलं असायचं हे मला आठवत होतं, आणि आई दुधाचा हिशोब लिहिते हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण तारखेच्या त्या एवढ्याशा चौकोनात तिने दुधाशिवाय काय काय लिहिलंय ते कुणी वाचलं नव्हतं. बाबांनी वाचलं असेल तर ते सांगू शकत नाहीत.

मी काय केलं, तर आधी सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढले, कारण कागद हाताळताना तुटत होता. हे आधी करा, वाचायला बसायच्या आधी, नाहीतर एखादा महिना हातातच जातो, माझा १९९१ चा ऑगस्ट गेला. मग शंभर पानी वही घेतली आणि तीन रंगांची पेनं. निळं म्हणजे घर, हिरवं म्हणजे बाबा, लाल म्हणजे गाव. रोज रात्री डोंबिवलीत जेवणं झाली की एकदोन महिने वाचायचे आणि उतरवायचे. आठ दिवसांत रंगांचा नाद सोडून दिला. एकाच चौकोनात 'हे मंडणगडास. दूध २. खालाची लेक, मुलगा, ७ पौंड' असं असेल तर ते कुठल्या रंगात घालणार? तिच्याकडे हे तीन कप्पे नव्हतेच. एकाच दिवसात सगळं, एकाच पेनाने.

बाबांचं नाव तिने कुठेही लिहिलेलं नाही. 'हे'. हे आले. ह्यांचा पगार. ह्यांची बदली, खेड. ह्यांना ताप. आणि ३० जानेवारी २०१६ च्या चौकोनात, बाकी काही नाही, दूधही नाही, फक्त 'हे पाणी म्हणाले'. मी ते वाचलं आणि वही बंद करून बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

२०१५ ची पानं वाचताना अडले. प्रत्येक चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'डा १२, उ २, डा ४'. दुसऱ्या दिवशी 'उ १२, डा २, उ ४'. सगळं वर्ष. मला आधी वाटलं उ म्हणजे उधार आणि डा म्हणजे डाळ, कुणाला तरी वाणसामान देत असेल, मग म्हटलं पायलीचं माप आहे का काही. दादालाही कळेना. सप्टेंबरात गावी गेले तेव्हा बाबांना बघायला ठेवलेल्या मावशींना सहज विचारलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, ताई, कूस गो. डावी, उजवी. रात्रीचे बारा, दोन, चार.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात, आणि त्या एकदा झाल्या की लवकर भरत नाहीत. हे मला माहीत होतं. बाबांना दहा वर्षांत एकही जखम झाली नाही हेही माहीत होतं, डॉक्टर दर वेळी त्याचं कौतुक करायचे आणि आई म्हणायची, त्यात काय. पण ते रोज रात्री बारा, दोन आणि चार वाजता उठणं होतं हे मी कधी असं मोजलं नव्हतं. दिवसाच्या खेपा तिने लिहिल्याच नाहीत, रात्रीच्या तेवढ्या लिहायची, बहुतेक झोपेत विसरायला नको आधी कुठली कूस होती म्हणून. २०१६ च्या मध्यावर बाबा स्वतः कुशीवर वळायला लागले तेव्हा ते बंद झालं. २०२२ ला दुसरा छोटा झटका आला आणि परत सुरू. शेवटच्या रात्रीचंही आहे. डा १२, उ २, डा ४. पाचला ती चहा ठेवायला गेली.

ह्याच्यात एक चौकोन माझाही आहे, आणि तो लिहायचा की नाही ह्यावर मी बरेच दिवस घालवले. माझी धाकटी २०१५ साली झाली. आईने यावं अशी माझी फार इच्छा होती, पहिल्या वेळी ती दीड महिना होती माझ्याजवळ. दादा रजा टाकून पंधरा दिवस बाबांजवळ राहायला तयार होता, तिने नको म्हटलं, दादाला जमायचं नाही म्हणाली. मला ते लागलं होतं. नऊ वर्षं मनात होतं आणि मी तिला कधी बोलले नाही. त्या तारखेच्या चौकोनात आहे, 'ताईला मुलगी, दुपारी ३. मी नाही गेले.' आणि खाली कोपऱ्यात रात्रीच्या तीन कुशी. एकतीस वर्षांच्या कालनिर्णयांत 'मी' हा शब्द तिने चार वेळा लिहिलाय, मी मोजले. मी माहेरी. मी दापोली, डोळे. मी ताप. आणि हा. ते वाचून माझा राग एकदम गेला असं म्हणणार नाही, कारण मला अजूनही वाटतं की पंधरा दिवस दादाने केलं असतं. पण तिने ते लिहून ठेवलं होतं. तिच्यासाठी तो दिवस नुसता दुधाचा आणि कुशींचा नव्हता एवढं मला कळलं.

चौकोन वाचून अर्धंच कळतं, उरलेलं विचारायला लागतं. म्हणून गणपतीत आणि नंतर दिवाळीत घरोघर फिरले. वही घेऊन गेलं की लोक आवरून सावरून बोलतात, शोकसभेसारखं, हे दोन घरांतच कळलं. मग मी वही घरी ठेवायला लागले आणि जाताना मोबाईलवर एका चौकोनाचा फोटो घेऊन जायचे, हे बघा तुमच्या घराचं काहीतरी लिहिलंय, काय हो हे? की मग माणसं खुलायची.

मोहल्ल्यातल्या खालांना तो सात पौंडाचा चौकोन दाखवला. त्या चष्मा लावून बघत बसल्या. म्हणाल्या, तुझी आई रात्री जीपमधे माझ्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन दापोलीपर्यंत आली, तेव्हा पाऊस म्हणजे असा, की खाडीचं पाणी रस्त्यावर. सकाळी एसटीने परत, घरी जाऊन भाकऱ्या टाकल्यान. तो सात पौंडाचा मुलगा आता कुवेतला आहे. त्यांनी तिथेच त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि चौकोन कॅमेऱ्यासमोर धरला.

आंघोळी घातलेल्यांची नावं तिने लिहिलेली आहेत, नावापुढे फक्त 'नेसवली'. सदतीस आहेत. १९९४ सालची एक दुसऱ्या वाडीतली होती. त्या घरच्या आता म्हाताऱ्या झालेल्या सुनेने सांगितलं, की त्या काळी ह्या वाडीतली बाई त्या वाडीत मयताला हात लावायला जात नसे, आणि वहिनी आल्या. घरी गेल्यावर आजीने तिला दोन दिवस स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. मी त्या वेळी पंधरा वर्षांची, घरातच होते, मला वाटलं होतं आई बाजूला बसलीय. आजीला पुढे आईनेच नेसवलं, २००१ साली.

बचत गट तिने २००४ ला सुरू केला, अकरा जणी, महिना वीस रुपये, म्हणजे पहिल्या महिन्याचे दोनशे वीस. वही दुसरीच लिहायची, पण पैसे मोजायची आई. मे महिन्यात सगळ्या मिळून कोकम करायच्या, रातांबे फोडून सालं वाळवायची, परत रसात बुडवायची, परत वाळवायची, अशी पुटं द्यायची. आई तीन पुटांच्या खाली माल पाकिटात भरू द्यायची नाही. एका वर्षी वळवाचा पाऊस येतो म्हणून कुणीतरी दोन पुटांवरच भरला तर तिने सगळा परत पसरायला लावला. उशिरा हप्ता आला की पाच रुपये दंड, मग तो तिचा स्वतःचा का असेना.

सगळे म्हणायचे ती कधी रागावली नाही. हे खरं नाही. ती चिडायची, आणि चिडली की शब्द जपून वापरायची नाही. गटातल्या एकीने मला सांगितलं की २००९ मधे पोराच्या कॉलेजसाठी तिला कर्ज हवं होतं, आधीचे दोन हप्ते थकले होते, आईने भर बैठकीत नाही म्हटलं आणि वर चार गोष्टी सुनावल्या. तिने बांगड्या विकल्या. ती हे सांगताना पंधरा वर्षांनीही थरथरत होती. कालनिर्णयात त्या दिवशी बैठकीचं एवढंच, 'बैठक. कर्ज नाही दिले.' आणि पुढच्या आठवड्यात तिच्या नावापुढे, 'भात १ मण पाठवले, ह्यांना सांगितले'. मी विचारलं भात आलं होतं का. म्हणाली हो, गुरुजी घेऊन आले होते, मला वाटलं गुरुजींनी स्वतःहून दिलन.

दादा म्हणाला हे वाचू नकोस सभेत. आमचं बरंच बोलणं झालं ह्यावर. माझं म्हणणं असं की तिचा कठोरपणा काढला तर कोकमाची तिसरी पुटंही काढावी लागतील, ती बाई तीच. शेवटी मी त्या बाईंनाच जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, लिही गो. बांगड्यांचं पण लिही आणि भाताचं पण.

आता निसर्ग वादळाचं. ३ जून २०२०, बुधवार. मी तेव्हा लॉकडाऊनमधे डोंबिवलीत, ई-पासशिवाय जिल्हा ओलांडता येत नव्हता, फोनचे टॉवर पडलेले, पाच दिवस घरचं काही कळलं नाही. ते पाच दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. आमच्या सगळ्या किनाऱ्यावर काय झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको, आजोबांनी लावलेले माड काडी मोडावी तसे मोडले. ते भिजलेलं कालनिर्णय मी पंख्याखाली चार दिवस वाळवून, पान पान सोडवून वाचलं. ३ जूनच्या चौकोनात आहे, 'माड १४. पोफळी मोजायच्या. कौले गेली. ह्यांना ४ ची गोळी दिली.' ४ जूनला 'पोफळी ६२'. मग रोज कुणाकुणाची नावं आणि पुढे आकडे. मला वाटलं मदतीचे पैसे. नाही, ती वाडीत फिरून प्रत्येकाचं काय पडलं ते लिहून घेत होती, पंचनाम्याला माणसं येतील तेव्हा म्हाताऱ्या बायकांना आकडे सांगता येणार नाहीत म्हणून. ३० जूनला मोठ्या अक्षरात 'लाईट आली'.

त्या हिवाळ्यात उभ्या राहिलेल्या पोफळींवरची पिकली सुपारी तिने विकू दिली नाही. निवडून निवडून मागच्या दारी सावलीत रुजत घातली, गटाच्या बायकांना कामाला लावलं, आणि दीड वर्षाने जवळजवळ चारशे रोपं वाटली. ज्यांची जेवढी पडली त्या यादीप्रमाणे, ती तिच्याकडे होतीच. पोफळ फळायला पाच-सहा वर्षं तरी लागतात. ती तेव्हा सदुसष्टची. कुणीतरी विचारलं म्हणे, वहिनी ह्याची सुपारी खायला कोण राहतंय? ती म्हणाली, रोप वाळतंय, आधी पाणी घाल.

हे सगळं चार पानांत बसवायचं होतं. वहीत भरलं होतं ऐंशी पानांवर. मी पहिल्यांदा जन्म, शिक्षण, लग्न असं क्रमाने लिहिलं, १९५४, सातवी पास, १९७४ ला लग्न, तर ते पेन्शनच्या अर्जासारखं झालं. मग एकदा बाबांजवळ बसून त्यांना वहीतलं मोठ्याने वाचून दाखवत होते, कुठलंही पान उघडून, आणि माझ्या लक्षात आलं की मी चौकोन जसाच्या तसा वाचला की बाबा मान हलवतात, डावा हात उचलतात, आणि मी मधे माझं काही घातलं, म्हणजे 'किती कष्ट घेतले आईने' वगैरे, की भिंतीकडे बघायला लागतात. मग मी बाबांना विचारूनच निवडलं. ज्या चौकोनाला हात वर झाला तो ठेवला. कर्जाच्या चौकोनाला झाला. भाताच्या चौकोनाला तर ते हसले, त्या भाताची गोणी त्यांनीच पाठीवर नेली होती. माझ्या चौकोनाला त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही, मग तोही ठेवला. शब्द सगळे तिचे, मी फक्त कोण कुठचं एवढं मधे सांगायचं, असं ठरलं. एकही विशेषण ठेवलं नाही.

वर्षश्राद्ध तिथीने झालं. दुसऱ्या दिवशी सभामंडप भरला होता, मोहल्ल्यातून खाला आल्या होत्या, खालच्या वाडीतून माणसं, मुंबईहून चारपाच चाकरमानी खास रजा काढून. बाबांना दादाने आणि पोरांनी खुर्चीत बसवून पाखाडीवरून उचलून आणलं, मावशी मागे पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन.

मी वाचायला लागले. खालांचा चौकोन, नेसवलेल्यांची नावं, ती सदतीसच्या सदतीस वाचली, एकेका नावाला कुणीतरी मागे नाक ओढत होतं. बैठक, भात, वादळ. शेवटी कुशींचं घेतलं होतं. मी म्हटलं, ही २०१५ सालची एक रात्र, आणि वाचलं, डा १२, उ २, डा ४, आणि पुढची रात्र, उ १२, डा २, उ ४, आणि तिसऱ्या रात्रीला माझा आवाज बसला. पुढे होईना. कागद हातात, सगळे गप्प, समुद्राचा आवाज तेवढा.

आणि बाबांनी सुरू केलं. बारा एके बारा. बहुतेक तो बाराच पकडला त्यांनी. बारा दुणे चोवीस. स्वच्छ, शाळेतल्या आवाजात. समोर निम्मे त्यांचे विद्यार्थी, पन्नाशी-साठीतली माणसं, तिसऱ्या ओळीला सगळे त्यांच्यामागून म्हणायला लागले, बार त्रिक छत्तीस, बार चोक अठ्ठेचाळीस, बायकाही, खालाही, सभामंडपाचे पत्रे घुमायला लागले. बार नव्वे आठोदरसे झालं आणि बाबा थांबले. ते थांबले म्हणून सगळेच थांबले. गुरुजी विसरले असं वाटलं असेल लोकांना. त्यांनी मान वळवली आणि डाव्या बाजूला, जिथे ती बसायची त्या बाजूला बघत राहिले. मला माहीत होतं ते कशाची वाट बघताहेत, पण माझ्या तोंडून काही निघेना.

मागे खांबाजवळ मावशी टॉवेलची घडी घालत होत्या. वर्षभर रोज दिवेलागणीला त्याच बसतात बाबांजवळ. घडी घालता घालताच त्या म्हणाल्या, "बार दाहे विसासे."

बाबांनी मान हलवली आणि तेरावा पाढा सुरू केला.